जुन्या पिकअपला ‘लॉक’ बसवताय? आधी चाकाखालची जमीन बघा

पावसाळ्यात पीक काढण्यापेक्षा ते शिवाराबाहेर नेणंच अवघड होऊन बसतं. टोमॅटोचे क्रेट भरून तयार, सकाळी बाजार समितीत लिलाव आणि पिकअप पाणंदीच्या काळ्या चिखलात रुतलेली. मागचं एक चाक गरगर फिरतंय, दुसरं मुरमावर असूनही जागचं हलत नाही. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शोधा, साखळी लावा. असं दोन-तीनदा झालं की कोणीतरी सांगतं, ‘डिफरन्शियलला लॉक बसवून घ्या, कटकट मिटेल.’ पण हा खर्च लहान नाही. तो करण्यापूर्वी थोडं समजून घेतलेलं बरं.

चाक गरगर का फिरतं?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. तेवढी मोकळीक डिफरन्शियल देतं. मात्र साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक घसरलं की ते जेवढा जोर पेलतं, तेवढाच दुसऱ्याला मिळतो.

सोपा हिशोब करू. समजा, चिखलातलं चाक २० भार ओढू शकतं आणि मुरमावरचं १००. साध्या डिफरन्शियलला २० अधिक २०, म्हणजे ४० मिळतात. ‘लिमिटेड स्लिप’ प्रकार पकड असलेल्या चाकाला जास्त जोर देतो. तो अडीचपट देणारा असेल, तर २० अधिक ५०, म्हणजे ७०. लॉक दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. तिथे २० अधिक १००, म्हणजे १२० मिळतात.

आता दोन्ही चाकं चिखलात आहेत असं धरा. लॉक लावला तरी २० अधिक २०, म्हणजे ४०च! लॉक नवी पकड तयार करत नाही, असलेली पकड कामाला लावतो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

कोणता प्रकार कोणाला?

लिमिटेड स्लिपमध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला प्लेटचा. तो चांगलं काम देतो, पण प्लेटा झिजतात आणि त्याला ठरावीक गिअर ऑइलच लागतं. दुसरा गिअरचा. त्यात झिजणाऱ्या प्लेटा नसतात, त्यामुळे देखभाल कमी. पण एक चाक पूर्ण हवेत लटकलं की तो जवळजवळ निकामी ठरतो. अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढून हळू रेस दिली तर फायदा होतो.

लॉकचेही प्रकार आहेत. ट्रॅक्टरला सीटजवळ पायाने दाबायचा लॉक असतो, तो आपल्या ओळखीचा. गाडीत हेच काम हवेच्या दाबाने, विजेने किंवा केबलने होतं. काही लॉक आपोआप लागतात. महिंद्रा थारला २०१५ साली मागच्या बाजूला असा यांत्रिक लॉक आला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लागतो. ताशी ३० किलोमीटरच्या वर मात्र लागत नाही.

गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावर आणि अधूनमधून पाणंदीत जात असेल, तर लिमिटेड स्लिप सोयीचा. रोज खाचखळग्यांतून, ओढ्यातून जावं लागत असेल, तर हवा तेव्हा लावता-काढता येणारा लॉक बरा. डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंग करून कायमचे बांधून घेण्याचा ‘स्वस्त’ सल्ला मात्र ऐकू नका. गाडी नीट वळत नाही, टायर झिजतात, एक्सल तुटतो आणि ओल्या घाटरस्त्यावर जिवाशी खेळ होतो.

खर्चाआधी एवढं तपासा

१. टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला. खोल खाचांचे टायर दोन्ही चाकांची पकड वाढवतात. लॉकला हे जमत नाही.

२. क्राऊन-पिनियनचा आवाज, हाउसिंगची गळती, बेअरिंगचा खेळ बघून घ्या. लॉक लागल्यावर सगळा जोर एकाच एक्सलवर येऊ शकतो. जुना, थकलेला एक्सल तो सोसेलच असं नाही.

३. एक्सलच्या दात्यांची संख्या आणि क्राऊन-पिनियनचं प्रमाण तुमच्या गाडीशी जुळलंच पाहिजे. प्रत्येक जुन्या मॉडेलला हे भाग मिळतातच असं नाही. मिस्त्रीने मोजून खात्री केल्याशिवाय इसार देऊ नका.

४. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर बंधनं आहेत. आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करा.

बसवल्यावर काळजी

चाक घसरून खोल खड्डा करण्याआधीच लॉक लावा, गरगर फिरत असताना नको. कडक रस्त्यावर येताच काढा. लॉक लावून वळू नका, गाडी सरळच जायला बघते. लिमिटेड स्लिप असेल तर मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. आणखी एक, एकच मागचं चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाक जोर घेईल आणि गाडी जॅकवरून उडी मारेल.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणं. पाणंदीला बाजूचा चर काढून मुरूम टाकला, तर फायदा एका गाडीला नाही, सगळ्या शिवाराला होतो. ग्रामसभेत हा विषय पावसाळ्याआधीच घ्या. आणि शेतकरी बंधूंनो, लॉकसाठी कर्ज काढण्याआधी आपली गाडी नेमकी कुठे रुतते, एक चाक घसरतं की दोन्ही, हे यंदाच्या पावसात नीट बघून ठेवा. एक घसरत असेल तर लॉकचा विचार करा. दोन्ही घसरत असतील तर ते पैसे टायरला आणि मुरमाला घाला.