मोहोळावर औषध मारण्याआधी (लेखांक पाचवा)

शेतातल्या फवारणीने मधमाश्यांचे काय होते, ते मागच्या लेखांकात पाहिले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी इथे शेती जवळपास उरलेली नाही, तरी माश्या विषानेच मरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल यांतल्या बोरिवली, मुलुंडसारख्या उपनगरांना लागून आहे. तिथे करंज आहे, जांभूळ आहे, आणि आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवीही. ती २०२४ मध्ये फुलली होती. चाऱ्याची अशी सोय असल्यावर माश्या आसपासच्या इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांना मोहोळे लावणारच. तिथे त्यांची गाठ सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलशी पडते. हे विष बहुतेक वेळा विनाकारण मारले जाते आणि ते थांबवणे मॅनेजिंग कमिटीच्या हातात आहे, असे माझे ठाम मत आहे.

उंच इमारतींवर दिसते ते बहुधा आग्या मोहोळ. ही माशी फुलोऱ्यामागे फिरते; काही महिने राहते आणि पोळे सोडून आपणहून निघून जाते. तेवढा धीर न धरता औषध मारले, तर आधी धोका वाढतो. डिवचलेल्या माशीच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारख्या वासाचे रसायन सुटते, त्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात आणि डंख बसतात ते खाली खेळणाऱ्या मुलांना, वॉचमनला. पुढचे नुकसान तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पोळ्यात उरलेला विषारी मध लुटायला दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात आणि ते विष आपल्या घरी नेतात. त्यात झाडाच्या ढोलीतली सातेरी असते, फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी, क्वचितच डसणारी फुलोरीही असते.

‘औषध बिनवासाचे आहे, मुलांना काही होत नाही,’ असे कंत्राटदार सांगतो, आणि तो खोटे बोलतो असे नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोण सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून ठरतो. मधमाशीबद्दल तो काहीच सांगत नाही. गुलाब-जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी आणि वाळवीसाठी वापरतात त्या इमिडाक्लोप्रिडचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एका माशीला मारायला पुरतात. कुंडीत घातलेले हे औषध मुळांतून रसात आणि रसातून फुलांच्या परागात जाते. शेजारच्या कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर फुलोरी सकाळपासून बसलेली असते; तुळशीच्या मातीत त्याच द्रावणाचे उरलेले पाणी ओतले, की तिचा चाराच विषारी झाला. माशी जागीच मरते असेही नाही. याच गटातल्या थायामेथोक्झामची जीव न घेणारी मात्रा दिलेल्या अनेक माश्यांना पोळ्याची वाट सापडली नाही, असे २०१२ साली फ्रान्समधल्या प्रयोगात दिसले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये क्लोथियानिडिनसह या तिन्ही औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला.

यावरचे आक्षेप खरे आहेत. डंखाची ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो; शाळेच्या दारात किंवा जिन्यात मोहोळ असेल तर ते हलवलेच पाहिजे. पण ते जाणकार माणसाकडून, विष न वापरता. सातेरीची वसाहत पेटीत भरून नेता येते. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत हे काम शिकवले जाते. आग्या पेटीत राहत नाही, म्हणून शक्य तिथे तेवढा भाग दोरी लावून बंद ठेवावा आणि ती जायची वाट पाहावी.

डेंग्यूचा आक्षेप अधिक वजनदार आहे. साथीत धूर मारू नका, असे मी म्हणणार नाही. मात्र धुराने उडते डास मरतात. पिंपातल्या, कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्या तशाच राहतात. पाणी ओतून टाकणे आणि टाकता येत नसेल तिथे बीटीआय हे जिवाणूंचे औषध वापरणे, हा डासांच्या मुळावरचा इलाज आहे आणि त्यात मधमाशीला धक्का लागत नाही. तरीही धूर मारायचाच असेल, तर फुललेल्या झाडांपासून दूर आणि अंधार पडल्यावर मारावा. पौर्णिमेच्या आसपास तेवढ्यानेही भागत नाही, कारण आग्या चांदण्यातही चाऱ्याला जाते. वार्षिक कंत्राट नव्याने करताना या अटी सेक्रेटरींनी लेखी घालाव्यात, आणि कोणते औषध कुठे वापरले हे नोटीस बोर्डावर लावण्याची अटही त्यातच असावी.