वस्तुसंग्रहालयांचा योगक्षेम

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं महापे नांवाचें गांव आहे. खाडीकांठचा हा मुलूख इतिहासाच्या अभ्यासकांस परका नाहीं. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट १७८७ सालीं पलीकडच्या तीरावर, ठाण्याच्या किल्ल्यांत खोदकाम चाललें असतां निघाला. आज मात्र महापे हें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाणें–बेलापूर पट्ट्यांतील कारखानदारीचें ठिकाण म्हणून ओळखलें जातें. जुन्या गांवाभोंवतीं रसायनांचे व यंत्रांचे कारखाने आणि अलीकडे संगणकाचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या आहेत. अशा गांवाचें नांव संशोधकांच्या त्रैमासिकांत कां यावें, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर एका कायद्यांत आहे.

कंपनी कायदा, २०१३ याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा शेंकडा २ भाग लोकोपयोगी कार्यांकडे लावावा, असें तें कलम सांगतें. हीं कार्यें कोणतीं तें सातव्या परिशिष्टांत दिलें आहे. राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृति यांचें रक्षण, ऐतिहासिक वास्तूंचा व कलावस्तूंचा जीर्णोद्धार आणि सार्वजनिक ग्रंथालयें यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय, जेथें कंपनीचें काम चालतें त्या टापूस व त्याच्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावें, असेंही कलमांत म्हटलें आहे. तेव्हां महापे येथील कारखानदारानें ठाणें, कल्याण, बेलापूर, घारापुरी या परिसरांतील पुराणवस्तूंकडे पाहिलें, तर तें कायद्याच्या अक्षराला धरूनच होईल.

हें कलम आमच्या पुष्कळ संग्राहकांस ऐकून ठाऊक आहे. परंतु त्याच्या आधारें नेमकें काय मागावें, याचा विचार झालेला फारसा दिसत नाहीं. मागणी बहुधा दालनाची, कांचेच्या कपाटांची किंवा दिव्यांच्या रोषणाईची असते. जें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग आणि जें मिळालें तें राखणें म्हणजे क्षेम, हा भेद आपल्याकडे जुना आहे. महाराष्ट्रांत योगाला दाते मिळाले; क्षेमाला क्वचित् मिळाले. याचे दाखले आमच्याच संस्थांच्या इतिहासांत आहेत.

रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचे कागद, चित्रें व ग्रंथ जन्मभर जमविले. सरकारच्या साहाय्यानें साताऱ्यास त्यांच्या संग्रहासाठीं इमारत उभी राहिली व १९२५ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. पुढच्याच वर्षीं पारसनीस वारले. १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आला. तेथें तो अभ्यासकांच्या उपयोगीं पडला हें खरें. पण साताऱ्याचा संग्रह साताऱ्यास राहिला नाहीं. एकहातीं जमविलेल्या संग्रहाची खरी सूची जमविणाराच्या डोक्यांत असते. तो गेला, म्हणजे चांगली इमारतही त्याची जागा भरून काढूं शकत नाहीं.

याच्या शेजारीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें उदाहरण ठेवून पाहावें. संस्था १९१७ सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं मुंबई सरकारनें डेक्कन कॉलेजांतील आपला हस्तलिखितांचा संग्रह तिच्या स्वाधीन केला. तो देतांना सरकारनें त्याच्या निगेसाठीं दरसाल ३,००० रुपयांची नेमणूकही करून दिली. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण पोथ्यांच्या मागोमाग त्यांच्या राखणीचा खर्च चालत आला, ही गोष्ट आमच्या दानपत्रांत अपवादानेंच आढळते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं २०,००० हून अधिक वस्तु जमविल्या आणि १९७५ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. आपल्यामागें वार्षिक तरतूद कोण करणार, हा प्रश्न त्यांनीं हयातींतच सोडविला. दानशूरपणाइतकीच त्यांची ही व्यवहारदृष्टि वाखाणण्याजोगी आहे.

सर्वांत बोधप्रद हकीकत मुंबईच्या भायखळ्यांतील संग्रहालयाची आहे. १८५७ सालीं मुंबई कोटांतील टाउन बराकींत तें प्रथम उघडलें. त्याच वर्षीं उठाव झाला, लष्करास जागा हवी झाली, सामान बाहेर काढण्यांत आलें आणि पुष्कळ वस्तूंची नासाडी झाली. दुसऱ्याच्या छपराखालीं मांडलेल्या संग्रहाची ही पहिली परीक्षा होय. पुढें जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं खटपट केली. शहरांतील धनिकांनीं वर्गण्या दिल्या, १८६२ सालीं पायाभरणी झाली व २ मे १८७२ रोजीं स्वतंत्र इमारत लोकांस खुली झाली. भाऊ दाजी हे धंद्यानें वैद्य. परंतु अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे पंडित म्हणून आम्हांस त्यांचें नांव अधिक जवळचें आहे. १९७५ सालीं संग्रहालयास त्यांचेंच नांव मिळालें.

नांव मिळालें तरी दशा पालटली नाहीं. इमारत महानगरपालिकेच्या मालकीची होती. रंग उडाला होता, छत गळत होतें आणि वस्तु मळल्या होत्या. २००३ सालच्या फेब्रुवारींत त्रिपक्षीय करार झाला. मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि 'इंटॅक' हें १९८४ सालीं स्थापन झालेलें वारसा-संरक्षण मंडळ असे ते तीन पक्ष. मालकी पालिकेची, द्रव्यसाहाय्य प्रतिष्ठानाचें व तंत्रज्ञान मंडळाचें, अशी ढोबळ वांटणी ठरली. वास्तूचें काम विकास दिलावरी यांनीं पाहिलें. २००५ सालीं युनेस्कोनें आशिया-पॅसिफिक विभागांतील वारसा-संरक्षणाचें सर्वोच्च पारितोषिक या वास्तूस दिलें आणि जानेवारी २००८ मध्यें संग्रहालय पुन्हां उघडलें.

या करारांतील वाखाणण्यासारखी गोष्ट आमच्या मतें पारितोषिक नव्हे. पैसा देणाराच्या हातीं वस्तु गेल्या नाहींत. मालकानें कारागिरी आपल्याला येते असा आव आणला नाहीं. आणि कारागिरांस कंत्राटदाराच्या कनिष्ठ दराच्या निविदेखालीं यावें लागलें नाहीं. तिघांचीं कामें कागदावर निराळीं ठेवलीं होतीं. शिवाय, वास्तूबरोबरच आंतील मातीच्या प्रतिकृति, नकाशे व इतर वस्तूंवरही उपचार झाले. अन्यत्र भिंती नव्या होतात व कपाटांतील कागद जुन्याच कसरीच्या तोंडीं राहतात, असें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे.

येथें शिक्षणाचा प्रश्न येतो. फाटलेल्या मोडी पत्रास चिकटपट्टी लावणारा मनुष्य त्या पत्राचा वैरी नसतो. त्याला एवढेंच ठाऊक नसतें कीं, पट्टीचा डिंक कांहीं वर्षांत पिवळा पडून कागदांत मुरतो व मग निघत नाहीं. गव्हाच्या खळीनें पातळ जपानी कागद लावला, तर तो पुढें केव्हांही ओलावून सोडवितां येतो. काजळाची शाई शतकानुशतकें काळी राहते, पण पाण्यानें पसरते. लोखंडी शाई पाण्यास टिकते, पण कागद खाते. चित्रांतील जंगालाचा हिरवा रंगही आपल्या खालचा कागद पोखरतो. म्हणून एकाच रुमालांतील दोन पत्रांस एक उपचार चालेलच असें नाहीं. हें ज्ञान पुस्तकानें थोडें व हातानें पुष्कळ येतें. संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत १९५२ सालींच निघाला. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही या शास्त्राचें शिक्षण देतें व स्वतःचें संवर्धन-केंद्र चालवितें. मोडी लिपीचे वर्ग राज्याचें पुराभिलेख संचालनालय घेतें. तेव्हां शिकविणारे आहेत; शिकून आलेल्यास ठेवून घेणारीं लहान संग्रहालयें मात्र मोजकीं.

मुंबईच्या या संग्रहालयाची पायाभरणी १९०५ सालीं झाली व तें १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. मध्यंतरीं, महायुद्धाच्या काळांत, तयार इमारतींत लष्करी इस्पितळ होतें. परंतु इमारत मोकळी होण्याची वाट न पाहतां १९१५ सालींच पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यांत आला. त्यांतील कांहीं भाग नाना फडणिसांच्या मेणवली येथील संग्रहांतला होता. वस्तु आधीं, घर नंतर, हा क्रम आमच्या वाचकांस रुचेल. याच संस्थेनें २०१७ सालीं दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय व लंडनचें ब्रिटिश म्युझियम यांच्या सहकार्यानें भारत व जग यांचा इतिहास शेजारीं शेजारीं मांडणारें प्रदर्शन भरविलें. परक्या संग्रहांतील वस्तु उसनी आणावयाची, तर दमटपणा व उजेड यांचें माप ठेवावें लागतें, वस्तूची स्थिति येतां-जातां नोंदवावी लागते आणि पेटी उघडणारे हात तयार असावे लागतात. सहकार्याचा खरा लाभ हा आहे. ब्रिटिश म्युझियमनें २००६ सालापासून परदेशच्या संग्रहालयांतील सेवकांसाठीं जो शिक्षणक्रम चालविला आहे, त्याचा लाभ हिंदुस्थानांतील संग्रहालयांनींही घेतला आहे.

ब्रिटनमधली आणखी एक रीत विचारांत घेण्याजोगी आहे. तेथें १९८८ पासून संग्रहालयांची मान्यता-नोंद होते. आपल्याजवळ काय आहे याची यथास्थित नोंदवही असल्याखेरीज मान्यता नाहीं, आणि मान्यता नसल्यास पुष्कळ अनुदानांचीं दारें बंद. इकडे कांहीं ठिकाणीं प्रथम अनुदान येतें, मग उद्घाटन होतें, आणि नोंदवही पुढच्या चिटणिसावर सोंपविली जाते.

आतां पुन्हां १३५ व्या कलमाकडे वळूं. कारण त्यांत एक खोंच आहे. २२ जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधींत घातलेली रक्कम या कलमाखालीं जमेस धरली जात नाहीं. म्हणजे व्याजावर संग्रहपाल पोसावा असा निधि या मार्गानें उभा राहणार नाहीं. कंपनी पैसा देईल तो विशिष्ट कार्यासाठीं, आणि असें चालू कार्य आरंभाचें वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच लांबवितां येतें. व्यवस्थापनाचा खर्च शेंकडा ५ हून अधिक होऊं नये, असाही नियम आहे. हा नियम पाहून संस्थांचे चालक पगार मागण्यास कचरतात. वस्तुतः ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चास आहे. कार्यावर प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचें वेतन हा त्या कार्याचाच खर्च होय.

म्हणून मागणीचें स्वरूप बदलावें, असें आमचें मत आहे. एखाद्या कंपनीचा सरासरी नफा १० कोटी असेल, तर तिचा वांटा २० लाखांचा होतो. तेवढ्यांत दालन उभें राहणार नाहीं, आणि तें मागूंही नये. "अमुक इतक्या रुमालांची सूची, सफाई व छायाप्रति, चार वर्षांत, एक शिकलेला संवर्धक, एक मोडीवाचक व दोन उमेदवार" असें कार्य मागावें. काम मोजतां येतें, कंपनीच्या अहवालांत दाखवितां येतें, आणि चार वर्षांनीं दोन उमेदवार तयार होतात. देणगी घेणाऱ्या संस्थेनें १ एप्रिल २०२१ पासून लागूं झालेली सरकारी नोंदणी आधीं करून ठेवावी; तिच्यावांचून अर्ज पुढें सरकत नाहीं. कायम निधि मात्र व्यक्तींकडून, प्राप्तिकराच्या सवलतीचा आधार देऊन, निराळा जमवावा, आणि करारांतच लिहावें कीं चार वर्षें संपतांच एका माणसाचें वेतन त्या निधींतून चालेल.

खासगी संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. केंद्र सरकारनें २००३ सालीं राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम काढली होती. २०२५ च्या अंदाजपत्रकांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद व जतन करण्याची नवी योजना जाहीर झाली व तींत खासगी संग्राहकांचाही उल्लेख आहे. ज्याच्या घरीं दप्तर आहे त्यानें तें देण्याची घाई करूं नये. प्रथम प्रत्येक रुमालास क्रमांक घालावा, पत्रांची संख्या व मित्या लिहाव्या, आणि यादीच्या दोन प्रति करून एक घराबाहेर ठेवावी. पुढें दप्तर संस्थेस द्यावयाचें झालें, तर दानपत्रास ती यादी जोडावी व कागद पाहावयास कोणास, कोणत्या दिवशीं मिळतील, तेंही त्यांतच लिहून घ्यावें.