चाळणी कोणाच्या हाती?

रविवारची मिस्सा आटोपून मी बाहेर येतो, तो पायरीवर कोणी ना कोणी मोबाईल हाती धरून उभे असतेच. मागे एक वयोवृद्ध आई म्हणाल्या, “फादर, हे पाहा काय आलंय. खरं असेल का हो?” कुठल्याशा मुळीच्या काढ्याने मधुमेह समूळ जातो, असा तो मजकूर होता. मी नाही म्हणताच त्यांनी तो पुसून टाकला. वैद्यकातले मला फारसे कळत नाही, हे मग मीच त्यांना सांगितले आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारावयास लाविले. परंतु धर्माच्या बाबतीत ज्याच्यावर विश्वास, त्याच्यावर औषधाच्या बाबतीतही विसंबावे काय, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

प्रश्न नवा नाही. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत ‘यूजनेट’ नावाची संगणकी चर्चापीठे सुरू झाली. एप्रिल १९९४ मध्ये दोघा वकिलांनी तेथील हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकिली आणि लोक त्रासले. काही स्वयंसेवक असले संदेश परस्पर रद्द करू लागले. पण दुसऱ्याचे पत्र फाडण्याचा अधिकार यांना दिला कोणी, असा वाद माजला. त्यातून ‘नोसीएम’ ही युक्ती निघाली. तीत कोणाचेही पत्र फाडले जात नसे. पारख करणारा आपल्या संगणकी सहीनिशी टाकाऊ संदेशांची यादी प्रसिद्ध करी. ज्यांचा त्याच्यावर भरवसा, त्यांच्याच पडद्यावरून ते संदेश दिसेनासे होत. शेजाऱ्याचा भरवसा दुसऱ्यावर असला तर त्याची यादी निराळी. पुढे मात्र पुष्कळ ठिकाणी यंत्रचालकांनीच या याद्या सर्वांसाठी लागू केल्या. निवडीचा कंटाळा माणसाला लवकर येतो, दुसरे काय!

मार्च २०२४ मध्ये ‘ब्लूस्काय’ या संदेशमंचाने हीच कल्पना नव्याने आणिली. तेथे कोणतीही संस्था वा व्यक्ती संदेशांवर चिठ्ठी लावणारी सेवा चालवू शकते. वाचक आपल्या पसंतीच्या सेवा निवडतो आणि अमुक चिठ्ठीचा संदेश झाकावा, इशारा देऊन दाखवावा की तसाच येऊ द्यावा, हेही तोच ठरवितो. कंपनीची स्वतःची पारख मात्र तिच्या ॲपमध्ये सर्वांनाच लागू असते.

आपल्या ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. वर्ज्य ग्रंथांची सूची रोमहून १५५९ साली निघाली, ती १९६६ पर्यंत चालली. त्यानंतर तिचे कायद्याचे बंधन सरले, सदसद्विवेकाचे उरले.

व्हॉट्सॲपवर अशी पारख मधल्या कोणाला करता येत नाही, कारण निरोप कुलूपबंद जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भटक्या गोसाव्यांना ठार मारिले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणिली. यामुळे वेग कमी होतो, खऱ्याखोट्याची निवड होत नाही. आणि निवड आपल्या हाती आली तरी एक भय उरतेच: मनासारखे बोलणाराच पारखी नेमिला, तर ती चाळणी खडे राखून तांदूळ टाकील. राईनपाड्याच्या जमावालाही ती अफवा कोणा परक्याकडून नव्हे, बहुधा ओळखीच्याच माणसांकडून कळली असेल.

त्या आईंनी मात्र स्वतःच वाटणी केली आहे. औषधाचे निरोप डॉक्टरीणबाईंकडे, पैशाचे बँकेत नोकरीस असलेल्या पुतण्याकडे. प्रार्थनांचे तेवढे माझ्याकडे येतात. परवाच्या निरोपात ती प्रार्थना अकरा जणांना धाडली नाही तर अरिष्ट येईल, असे लिहिले होते. मी नको म्हटले. “पण फादर,” त्या ओशाळून म्हणाल्या, “नऊ जणांना पाठवून झाली की हो!”