शेपूट कापण्याआधी

जुन्या मोटरसायकलची ‘कॅफे रेसर’ करायची म्हटलं की पहिला घाव मागच्या भागावर पडतो. लांब सीट जाते, मडगार्ड जातं, ग्रॅबरेल जाते. त्यांच्याखालचे दोन पाईप ग्राइंडरने कापले जातात आणि त्या जागी अर्धगोल वाकवलेला पाईप वेल्ड होतो. त्याला गॅरेजमध्ये हूप म्हणतात. आरएक्स १००, यझदी, जुनी बुलेट, सीडी १००, सगळ्यांच्या नशिबी हेच. या कामाबद्दल गॅरेजच्या बाकड्यावर जे ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं अर्धवट खरं असतं, आणि फ्रेम वाया जाते ती या अर्धवट खऱ्यामुळेच.

“मागच्या पाइपांवर नुसती सीट तर असते”

आजच्या मोनोशॉक गाड्यांबाबत हे बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांचा शॉकअप इंजिनाच्या मागे, मुख्य फ्रेमला टेकतो. मागचा सांगाडा सीट, सामान आणि बसणाऱ्यांचं वजन पेलतो, रस्त्याचे धक्के थेट त्याच्यावर येत नाहीत. जुन्या गाड्यांची रचना मात्र वेगळी आहे. त्यांना दोन्ही बाजूंना एकेक शॉकअप असतो. त्याचं खालचं टोक चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, आणि वरचं टोक याच मागच्या पाइपांना बोल्टने धरलेलं असतं. खड्ड्यात चाक आदळलं की तो धक्का शॉकअपमधून वर चढतो, मागच्या पाइपांत शिरतो आणि तिरक्या आधारांवरून मुख्य फ्रेमपर्यंत पोचतो.

म्हणून कापण्याची हद्द शॉकअपच्या वरच्या बोल्टाशी ठरते. बोल्टाच्या पुढचा, म्हणजे टाकीकडचा, प्रत्येक पाईप, पत्रा आणि तिरका आधार वजन वाहणारा आहे. त्याला हात लावायचा नाही. बोल्टाच्या मागे जे उरतं ते भिंतीतून बाहेर आलेल्या फळीसारखं, एका टोकाला धरलेलं असतं. तिथे धोका कमी, पण शून्य नाही, कारण मागे बसणाऱ्याचं बरंचसं वजन त्याच्यावरच येतं. हूप मूळ शेपटापेक्षा लांब काढला आणि त्यावर कोणी बसलं, तर पाइपाला वाकवणारा जोर अंतराच्या प्रमाणात वाढतो.

बॅटरीच्या पेटीजवळचे पाईप आधी नीट घासून बघावेत. जुन्या बॅटऱ्यांमधून सांडलेलं ॲसिड वर्षानुवर्षं तिथे मुरलेलं असतं. रंगाखाली पाईप कागदासारखा पातळ झालेला असेल, तर हूप राहू द्या, आधी तो दुरुस्त करा.

“मोनोशॉक लावला की गाडी सुधारते”

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे, म्हणून थोडं गणित करू. समजा चिमटा बिजागरीपासून चाकाच्या ॲक्सलपर्यंत ४५ सेंटिमीटर लांब आहे. जुने दोन शॉकअप ॲक्सलच्या अगदी जवळ बसतात, त्यामुळे चाकावरचा जोर आणि शॉकअपमधला एकूण जोर जवळपास सारखाच राहतो, आणि तो दोघांत वाटला जातो. शंभर किलोची गाडी आणि सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं धरली, तर मागच्या चाकावर साधारण १५० किलो येतात. म्हणजे एका शॉकअपच्या वाट्याला ७५–८० किलो.

आता एकच शॉकअप चिमट्यावर, बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर बसवला. तरफेचा नियम शाळेतलाच आहे: अंतर एक तृतीयांश झालं की जोर तिप्पट होतो. म्हणजे एकाच ठिकाणी ४५० किलो, तेही गाडी उभी असताना. खड्ड्यात तो याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. हा जोर पेलायला कारखान्यात मोनोशॉक गाडीच्या फ्रेमला जाड आडवा पाईप आणि चौफेर आधार दिलेले असतात. आपल्याकडे बहुतेक वेळा दोन पाइपांमध्ये एक अँगल वेल्ड करून त्यावर शॉकअप टांगला जातो. चिमटाही त्याच चुकीच्या जागी वाकतो, कारण मूळ चिमट्याला मधल्या भागात एवढा जोर कधी सोसावाच लागला नव्हता.

त्यात दुसऱ्या गाडीचा शॉकअप आणला, तर त्याची स्प्रिंग त्या गाडीच्या वजनासाठी आणि तिथल्या तरफेसाठी बनवलेली असते. मग गाडी एकतर दगडासारखी कडक होते किंवा प्रत्येक गतिरोधकावर खाली टेकते. एवढ्या पैशांत चांगल्या प्रतीचे दोन शॉकअप, चिमट्याचे नवे बुश आणि दोन नवे टायर येतात. जुनी गाडी सुधारायचीच असेल, तर पैसे तिथे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

“वेल्ड गुळगुळीत आहे म्हणजे काम पक्कं”

उलट, पाइपाच्या सपाटीला घासलेला वेल्ड बघितला की शंका यायला हवी. घासताना भरलेला धातूच निघून जातो, आणि आत पाईप खरंच वितळून एकजीव झाले का, हे तर बाहेरून दिसतच नाही. हूप जोडण्याची योग्य पद्धत अशी: मूळ पाइपाच्या आत घट्ट बसणारा पोलादी तुकडा लेथवर करून घ्यायचा, तो दोन्ही पाइपांत काही सेंटिमीटर सरकवायचा, पाइपाला बाजूला भोकं पाडून त्यातून तो आतल्या तुकड्याशी वेल्ड करायचा आणि मग मधला सांधा भरायचा. असा तुकडा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावातला लेथवाला करून देईल. रंग, गंज आणि तेल पूर्ण काढल्याशिवाय टाका मारायचा नाही, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात.

पाईप निवडतानाही दोन चुका होतात. एक, हाताशी असलेला नळाचा गॅल्वनाइज्ड पाईप वापरणं. त्याच्यावरचं जस्त जळताना निघणारा धूर वेल्डरला आजारी पाडतो आणि सांधाही खराब होतो. दुसरी, दिसायला नाजूक म्हणून बारीक पाईप घेणं. भिंतीची जाडी तीच ठेवून २५ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटरचा पाईप घेतला, तर त्याचा ताठपणा निम्म्याहूनही कमी होतो. फार जाड पाईपही नको, कारण जिथे जाड पाईप संपून जुना पातळ पाईप सुरू होतो, नेमकी तिथेच चीर पडते.

“चालवून बघितली, काही झालं नाही” हा पुरावा नव्हे. पोलाद एका धक्क्याने क्वचित तुटतं. हजारो लहान हादऱ्यांनी थकून तुटतं, आणि चीर वेल्डच्या कडेपासून सुरू होते. काही महिन्यांनी सीट काढून त्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसते का, ते बघणं हीच खरी परीक्षा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि सीडीआयची, म्हणजे ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याची, जोडणी सोडवायची आणि अर्थिंगचा क्लॅम्प सांध्याजवळच लावायचा, हे चांगल्या वेल्डरला सांगावं लागत नाही. सांगावं लागलं, तर दुसरा वेल्डर शोधावा.

“वजन कमी झालं की गाडी पळते”

मडगार्ड, ग्रॅबरेल आणि पाइपाचे तुकडे मिळून तीनेक किलो निघाले असं धरू. गाडी आणि चालवणारा मिळून १७० किलो. फरक दोन टक्क्यांहून कमी. तेवढं वजन तर टाकीत पेट्रोल कमी ठेवूनही घटतं.

“शेपूट उचललं की रेसिंगचा रुबाब येतो”

लांब शॉकअप लावून मागची बाजू पाच सेंटिमीटर उचलली, तर सव्वा मीटर व्हीलबेसच्या गाडीचा पुढचा फोर्क दोनेक अंशांनी सरळ होतो आणि हँडलला स्थिर ठेवणारा ट्रेल सेंटिमीटरभर कमी होतो. वळणात गाडी चपळ वाटते, हायवेवर मात्र हँडल चाळवायला लागतं. चिमट्याचा कोन बदलल्याने साखळीचा ताणही बदलतो. तो नव्याने बघायचा, आणि पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची बिजागरी आणि ॲक्सल एका रेषेत येतात त्या जागी बघायचा, कारण तिथे साखळी सगळ्यात घट्ट असते.

मडगार्ड काढल्यावर चिखल पाठीवर येतो, हे सगळे जाणतात. नव्या सीटखालची मोकळी जागा मात्र कोणी मोजत नाही. शॉकअप काढून चाक अगदी वरच्या मर्यादेपर्यंत ढकलायचं आणि टायर सीट, वायरिंग किंवा नंबरप्लेटला लागतो का ते बघायचं. हे हूप वेल्ड होण्याआधी करायचं, नंतर नव्हे.

“आरटीओत दाखवून घेतलं की झालं”

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. आणि “फ्रेम कुठे बदलली, फक्त एक सीट केली” म्हणणाऱ्यांनी आरसी काढून वाचावी. आसनसंख्या तिथे छापलेली असते.

मागे माणूस बसणार असेल, तर १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम १२३ हाताला धरायला पक्की पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण मागतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणून हसतो आणि सगळ्यात आधी काढून फेकतो, ते हेच. लाल रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटवर पडणारा पांढरा दिवाही ऐच्छिक नाहीत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला जावं लागतं, तेव्हा हे सगळं समोर येतं. अपघात झाला तर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून तुमच्या नुकसानीचा दावा अडवू शकते.

मग काहीच करू नये का? बोल्टने बसणारा सीट काऊल, मूळ मापाला जुळणारी बारीक सीट, नीट बसवलेली नवी टेललाईट, एवढ्यातही गाडीचं रूप पालटतं. स्पॅनरने लावलेलं स्पॅनरने काढता येतं.

“नंतर परत जोडून घेऊ”

भंगारातून दुसऱ्या गाडीचं शेपूट आणून जोडता येतं, पण ती फ्रेम पुन्हा मूळ होत नाही. मूळपणाला आता किंमत आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरांसह. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच रस्त्यावर येते. म्हैसूरच्या साठच्या दशकातल्या जावा या वयात केव्हाच आल्या आहेत, आणि १९७३ पासूनच्या यझदीही पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. तेव्हा मडगार्ड, ग्रॅबरेल आणि जुनी सीट भंगारवाल्याला देण्याआधी आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख एकदा बघावी.