प्रशिक्षण एकट्या आईचं नव्हे

मुलाला 'एडीएचडी' आहे, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता आहे, असं कळतं. डॉक्टर गोळ्यांआधी आईवडिलांनाच प्रशिक्षण घ्यायला सांगतात आणि घरात पहिला प्रश्न उमटतो, म्हणजे चूक आमची? मुळीच नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. तरीही अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१९ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पालक-प्रशिक्षण हाच पहिला उपचार ठरवला. सहा वर्षांपासून पुढे त्याला औषधाची जोड मिळते.

ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी घरांत जाऊन आईबाप आणि मुलांचं वागणं टिपलं. आई सांगते, मूल किंचाळतं, आई नाद सोडते. किंचाळल्याने काम टळतं, हे मूल शिकतं. कधी आईच जोरात ओरडते आणि मूल क्षणभर गप्प होतं. मग ओरडणं तिच्याही अंगवळणी पडतं. हे चक्र मोडायला प्रशिक्षण आधी नातं सावरतं. रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाच्या मर्जीचा खेळ, त्यात सूचना नाहीत, प्रश्न नाहीत. 'शहाणा' म्हणण्याऐवजी 'चपला जागेवर ठेवल्यास, छान केलंस' असं नेमकं कौतुक. शिस्त नंतर येते. जवळ जाऊन, एका वेळी एकच सूचना द्यायची. या मुलांना लांबचं बक्षीस खेचत नाही. पहिला नंबर आला की सायकल, हे आमिष फुकट जातं. दप्तर भरताच एक चांदणी आणि पाच चांदण्या झाल्या की त्याच संध्याकाळी उरणच्या पीरवाडीचा समुद्र, हे त्यांना कळतं.

उरणमध्ये गाडी अडते ती इथून पुढे. बाबा बंदरात पाळीवर किंवा करंज्याच्या बोटीवर, म्हणून समुपदेशकाकडे आई एकटीच जाते. ती मोबाइल नाकारते. दहाव्या रडण्याला आजी मायेने तो हातात देते. मूल मोबाइलसाठी दहा वेळा रडायला शिकतं, आणि अधूनमधून फळणारी सवय सर्वांत चिवट असते. नवा नियम लागू झाला की हट्ट आधी वाढतो, मग उतरतो. ते दिवस आईने एकटीने काढायचे, वर 'तुलाच पोर सांभाळता येत नाही' हेही ऐकायचं, हा अन्याय आहे. आजीला आणि बाबांना समुपदेशकाच्या बैठकीत बसवलंच पाहिजे.

मदत कुठे शोधायची? १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल सुटते. नेरुळला गाडी बदलून ठाण्याची 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था गाठता येते. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' बालविकास केंद्र आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. त्यामुळे अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत तपासणीचं पथक आलं की स्पष्ट विचारा. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशकाची वेळ ठरवताना बाबांच्या सुट्टीचा वार आधी सांगा. आजीला प्रवास झेपत नसेल, तर तिला व्हिडिओ कॉलवर घेता येईल का, हेही तेव्हाच विचारून घ्या.