उन्हाचं जीवनसत्त्व, जनुकांची सोडत

१९६६ साली उत्तर फिनलंडमध्ये जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांची नोंद संशोधकांनी वर्षानुवर्षे ठेवली. तिथल्या हिवाळ्यात ऊन जवळजवळ नसतंच. म्हणून तान्ह्या बाळाला रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व द्यावं, असा तेव्हा सल्ला होता. पुढे हिशेब मांडला, तर नियमित डोस मिळालेल्यांत टाइप १ मधुमेहाचा धोका मुळीच डोस न मिळालेल्यांच्या जेमतेम एक अष्टमांश निघाला. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. मात्र मधुमेह झालेली मुलं होती एकूण ८१ आणि मुळीच डोस न मिळालेली मूठभर. शिवाय बाळाला रोज न चुकता डोस पाजणारं घर इतर बाबतींतही वेगळं असणार. मग श्रेय डोसाचं की घराचं?

हा गुंता सोडवायला जनुकं कामी येतात. टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षक फौजच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. या फौजेला आवरण्यात ड जीवनसत्त्वाचाही हात असतो, त्यामुळे संशय अगदीच हवेतला नाही. आता गंमत पाहा. त्वचेतल्या ज्या पदार्थावर ऊन पडून हे जीवनसत्त्व तयार होतं, त्याच पदार्थापासून शरीर कोलेस्टेरॉलही बनवतं. डीएचसीआर-७ या जनुकाचं विकर त्या मालाला कोलेस्टेरॉलच्या वाटेला लावतं. ते जास्त तडफदार असेल, तर उन्हाच्या वाट्याला कच्चा माल कमी येतो. पुढे सीवायपी२आर१ या जनुकाचं विकर यकृतात या जीवनसत्त्वावर एक प्रक्रिया करतं आणि सीवायपी२७बी१चं विकर मूत्रपिंडात, तसंच काही संरक्षक पेशींतही, ते कामाला जुंपण्याजोगं करतं. या जनुकांच्या आवृत्त्या माणसागणिक थोड्या वेगळ्या असतात. म्हणून एकाच अंगणात खेळणाऱ्या दोन मुलांच्या रक्तातली पातळी सारखी नसते.

कोणती आवृत्ती कोणाला, हे गर्भधारणेच्या वेळी सोडतीसारखं ठरतं. आईबापांची ऐपत किंवा शिस्त तिथे चालत नाही. म्हणजे निसर्गानेच प्रयोग मांडून ठेवलाय. २०११ साली ब्रिटिश संशोधकांना दिसलं, की ड जीवनसत्त्व कमी ठेवणाऱ्या काही आवृत्त्या टाइप १च्या रुग्णांत किंचित जास्त आढळतात. संशय बळावला. पण २०२१ साली ९,३५८ रुग्ण घेऊन अशीच सोडत तपासली, तेव्हा पातळी उपजतच कमी असल्याने धोका फारसा वाढलेला दिसला नाही. माझ्या मते पारडं इथे झुकतं: ड जीवनसत्त्वाची कमतरता फार तर साथीदार असेल, मुख्य आरोपी नव्हे.

यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्तही आहेत. अशा तपासणीतून लहानसा परिणाम निसटू शकतो, अभ्यासलेले लोक युरोपीय वंशाचे होते, आणि रक्तातली पातळी म्हणजे पेशीच्या आत काय घडतं याचा पुरावा नव्हे. शिवाय २०२२च्या एका अमेरिकी चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या लोकांत स्वयंप्रतिकार आजार २२ टक्के कमी आढळले. पण ती सगळी प्रौढ माणसं, आणि मोजलेले आजार संधिवातासारखे इतर. बालपणीच्या मधुमेहाचा निवाडा त्यावरून होत नाही. उलट भूगोलाचा पुरावा पाहा. सार्डिनिया बेट उन्हात न्हालेलं, तरी टाइप १चं प्रमाण तिथे जगात अत्यंत जास्त. फिनलंडला खेटून असलेल्या रशियन कारेलियात ऊन तेवढंच कमी, रक्तातली पातळीही जवळपास तशीच, पण हा आजार सुमारे सहा पट कमी.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ६०,००० युनिटांचं पाकीट सहज मिळतं. हाडांसाठी डॉक्टरांनी सांगितलं तर ते जरूर द्यावं. मधुमेह टळेल म्हणून स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नये, जादा डोसाने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्यापेक्षा मूल सारखं पाणी मागत असेल, अंथरूण पुन्हा ओलं करू लागलं असेल आणि वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.