व्हिडिओ गेममधील दृश्यशैली आणि चाहत्यांचे मतभेद : ‘डायब्लो ३’ या खेळाच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडील अध्यापकवर्गात अद्याप करमणुकीच्या किंवा फार तर विद्यार्थ्यांच्या वेळेच्या अपव्ययाच्या सदरात मोडतो. वस्तुतः चित्रकला, संगीत, कथाकथन आणि संगणकशास्त्र यांचा संयोग ज्यात होतो असा हा एक स्वतंत्र कलाप्रकार असून त्याच्या रसिकांमध्येही नाट्यरसिकांइतकेच तीव्र मतभेद होतात. हे मतभेद पुष्कळदा खेळाच्या नियमांपेक्षा त्याच्या ‘दिसण्या’विषयी असतात, ही बाब सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीच्या ‘डायब्लो ३’ या अद्भुतकथात्मक खेळाच्या दृश्यशैलीवरून २००८ साली उद्भवलेल्या वादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी जपानमधील निंटेंडो कंपनीच्या ‘झेल्डा’ मालिकेतील एका खेळाचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

पूर्वीच्या दोन खेळांची दृश्यशैली

‘डायब्लो’ हा पहिला खेळ १९९६ च्या अखेरीस व दुसरा २००० साली प्रसिद्ध झाला. दोन्ही खेळ कॅलिफोर्नियातील ‘ब्लिझर्ड नॉर्थ’ या शाखेने घडविले होते. एका शापित गावातील पडक्या चर्चच्या तळघरांतून उतरत उतरत थेट नरकापर्यंत पोहोचणारा योद्धा, असे पहिल्या खेळाचे कथासूत्र आहे. खेळाडू हे जग वरून, तिरक्या कोनातून पाहतो.

या खेळाचा अंधार हा केवळ चित्रकाराच्या रंगपेटीतला अंधार नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. तळघरात योद्ध्याभोवती प्रकाशाचे एक लहानसे वर्तुळ असे आणि त्यापलीकडचे काही दिसत नसे. काही वस्तू धारण केल्या की हे वर्तुळ वाढे, काहींमुळे ते घटे. म्हणजे अंधार हा खेळाच्या नियमांचा भाग होता. समोरच्या काळोखात काय दडले आहे हे ठाऊक नसणे, हीच त्या खेळातील भीतीची मूळ प्रेरणा होय. त्यात त्या काळच्या यंत्रांची मर्यादा मिसळली. ६४० गुणिले ४८० बिंदूंचा पडदा आणि एका वेळी २५६ रंगांचा संच एवढ्या सामग्रीत चित्रकारांना काम करावे लागे. राक्षसाचा चेहरा स्पष्ट दिसत नसे, म्हणून तो खेळाडूच्या कल्पनेत पूर्ण होई.

दुसऱ्या खेळाची स्थिती मात्र थोडी निराळी आहे. त्याचा प्रारंभ हिरव्या माळरानावर होतो, दुसरा अंक उन्हाने भाजलेल्या वाळवंटात व तिसरा दाट जंगलात घडतो. उघड्यावर दिवस उगवतो आणि मावळतोही. तरीही चाहत्यांच्या स्मृतीत दोन्ही खेळ ‘काळेकुट्ट’ म्हणूनच कोरले गेले. स्मृती ही रंगांची सरासरी काढीत नाही. जो प्रसंग मनावर अधिक ठसतो त्याचाच रंग ती सगळ्या चित्राला देते. पुढील वादात हा स्मृतीतील अंधारच प्रमाण मानला गेला.

२००८ मधील आक्षेप

२८ जून २००८ रोजी पॅरिस येथील समारंभात ‘डायब्लो ३’ची घोषणा झाली आणि खेळाचे चलच्चित्रही दाखविण्यात आले. आठ वर्षे वाट पाहणाऱ्या चाहत्यांना त्यात मोकळ्या जागेतील हिरवळ, निळसर व सोनेरी प्रकाशाने उजळलेल्या तळघरातील भिंती, ठसठशीत आकाराची पात्रे आणि एका दृश्यात चक्क इंद्रधनुष्य दिसले. हे इंद्रधनुष्यच पुढे सगळ्या रोषाचे प्रतीक बनले. दृश्यशैली बदलावी अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. काहींनी तर कंपनीने प्रसिद्ध केलेली स्थिरचित्रे घेऊन त्यांतील रंग उतरविले, सावल्या गडद केल्या आणि ‘खेळ असा हवा’ म्हणून ती सर्वांपुढे ठेवली.

आक्षेपाचे दोन पदर होते आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे चर्चा बरीच गढूळ झाली. पहिला पदर शुद्ध कलाविषयक होता. मध्ययुगीन गॉथिक वातावरण, कुजकेपणा, एकाकीपणा या भावांना उजळ रंग मारक आहेत, असे म्हणणे होते. दुसरा पदर वारशाविषयीचा होता. ‘ब्लिझर्ड नॉर्थ’मधील प्रमुख मंडळी २००३ मध्ये बाहेर पडली होती व २००५ मध्ये ती शाखाच बंद झाली होती. नवा खेळ त्याच कंपनीच्या दुसऱ्या ठिकाणच्या चमूने घडविला होता. त्याच कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ सालच्या अत्यंत लोकप्रिय खेळाची शैली भडक रंगांची व काहीशी व्यंगचित्रात्मक होती. एका घराण्याची गायकी दुसऱ्या घराण्याच्या गवयाच्या हाती जावी आणि श्रोत्यांनी पहिल्याच तानेला नाक मुरडावे, तसा हा प्रकार होता. अशा वेळी श्रोता ऐकत असतो ते प्रत्यक्ष गाणे किती आणि आपली शंका किती, हे सांगणे कठीण असते.

निर्मात्यांची बाजू

खेळाचे दिग्दर्शक जे विल्सन यांनी या आक्षेपांना जाहीर उत्तर दिले. चाहत्यांनी गडद केलेली चित्रे समोर ठेवूनच त्यांनी ती खेळात का चालणार नाहीत हे सांगितले, ही त्या उत्तराची विशेष जमेची बाजू म्हणता येईल. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, स्थिरचित्रात हाताने हवी तिथे सावली व हवा तिथे प्रकाश भरता येतो. परंतु त्रिमितीय खेळात प्रत्येक क्षणी प्रकाशाचे गणित संगणकाने करावयाचे असते आणि सामान्य माणसाच्या यंत्रावर इतका ‘शहाणा’ प्रकाश निर्माण करणे शक्य नसते.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. या प्रकारच्या खेळात पडद्यावर एकाच वेळी वीस-पंचवीस शत्रू धावून येतात. त्यांपैकी कोण जवळून प्रहार करणारा, कोण दुरून अस्त्र फेकणारा, कोण मेलेल्यांना उठविणारा, हे खेळाडूला निमिषार्धात ओळखून माउसची कळ दाबावयाची असते. सगळेच शत्रू राखाडी आणि पार्श्वभूमीही राखाडी असेल, तर हा निर्णय घेता येत नाही. म्हणून पार्श्वभूमी जलरंगातील धुतलेल्या चित्राप्रमाणे मृदू ठेवावी व पात्रांना ठळक रंग आणि बाह्यरेषा द्यावी, असे धोरण ठरले. नाटकाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रकाशयोजनाकाराचे पहिले कर्तव्य नटाचा चेहरा दिसू देणे हे असते. वातावरणनिर्मिती त्यानंतर येते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पहिल्या खेळात तर न दिसणे हेच खेळाचे मर्म होते, मग तिसऱ्यात दिसण्याला एवढे महत्त्व का? याचे उत्तर रंगात सापडत नाही, ते खेळाच्या गतीत सापडते. पहिल्या खेळातील योद्धा तळघरांतून सावकाश चालतो, त्याला धावताच येत नाही. तिसऱ्या खेळातील योद्धा शत्रूंच्या थव्यावर तुटून पडतो. ज्या खेळात आपण शिकार असतो तेथे अंधार भय निर्माण करतो. ज्यात आपण शिकारी असतो तेथे तोच अंधार केवळ अडचण ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते चाहत्यांना जाणवलेला बदल खरा होता, मात्र त्यांनी त्याचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधले. त्यांनी रंग बदलावयास सांगितले. हरवली होती ती असहायता.

रस आणि वर्ण

हा वाद आपल्या परंपरेतील एका जुन्या संकल्पनेच्या आधारे अधिक नेमकेपणाने मांडता येतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी प्रत्येक रसाचा वर्ण सांगितला आहे. शृंगार श्याम, हास्य श्वेत, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्तवर्ण, वीर गौर, भयानक कृष्ण, बीभत्स नील आणि अद्भुत पीत. भरतांना कॅलिफोर्नियातील खेळ अभिप्रेत असण्याचा अर्थातच प्रश्न नाही आणि हे वर्ण रंगमंचावरील पडद्यांचे रंग म्हणून सांगितलेले नाहीत. तथापि रस आणि वर्ण यांचे नाते प्रेक्षकाच्या मनात दृढ असते, ही जाण त्यामागे आहे. ‘डायब्लो’च्या चाहत्यांची मागणी कृष्णवर्णाची, म्हणजे भयानक रसाची होती. २००८ च्या चित्रफितीत त्यांना पीत आणि गौर वर्ण, म्हणजे अद्भुत आणि वीर रस अधिक दिसले. अंगी रस बदलल्याची ती तक्रार होती. ‘रंग जास्त झाले’ हे तिचे अर्धवट भाषांतर होय.

निर्मात्यांचे यावरील म्हणणे असे होते की, अखंड काळोख हा काही वेळाने काळोख वाटेनासा होतो. उजळ प्रदेशातून गुहेत उतरल्यावरच गुहेची भीती जाणवते. हा युक्तिवाद रसव्यवहाराच्या दृष्टीने पटण्याजोगा आहे. अंगी रसाच्या परिपोषासाठी इतर रसांची योजना करावी लागते, हे आपल्या साहित्यशास्त्राला नवीन नाही. मात्र अंग आणि अंगी यांचे प्रमाण बिघडले तर परिपोषाऐवजी रसभंग होतो. ते प्रमाण येथे बिघडले होते काय, याविषयी जाणकारांतही एकमत नाही.

वादाचा पुढील प्रवास

‘डायब्लो ३’ १५ मे २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. पहिल्या चोवीस तासांत त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती गेल्या. प्रसिद्धीनंतर चाहत्यांचा संताप उसळला तो रंगांवरून नव्हे. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहण्याची सक्ती आणि खेळातील वस्तू खऱ्या पैशांत विकण्याची लिलावव्यवस्था, ही त्याची कारणे होती. लिलावव्यवस्था मार्च २०१४ मध्ये बंद करावी लागली. चार वर्षे ज्या इंद्रधनुष्यावर शाई खर्च झाली त्याच्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही.

कंपनीने मात्र ते लक्षात ठेवले होते. खेळात एक गुप्त प्रदेश दडविलेला होता. तेथे गुलाबी छटा, हसरे ढग, एकशिंगी घोडे, कापसाची अस्वले आणि अर्थातच इंद्रधनुष्ये होती. टीकाकारांना दिलेले हे उत्तर खेळकर होते आणि ते खेळाच्याच भाषेत दिले होते. तथापि याच कंपनीने मार्च २०१४ मध्ये काढलेल्या पुरवणीत अधिक काळवंडलेले, मृत्यूच्या छायेतील नगर योजले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डायब्लो ४’ची घोषणा करताना मालिकेच्या मूळ अंधाराकडे परतत असल्याचे उघडपणे सांगितले. हा खेळ जून २०२३ मध्ये आला. अकरा वर्षांनी का होईना, अर्जदारांचे म्हणणे कंपनीच्या जाहिरातीत आले, असे म्हणता येईल. दरम्यान यंत्रेही बदलली होती. २००८ मध्ये जो प्रकाश सामान्य संगणकाच्या आवाक्याबाहेरचा होता तो आता सहज शक्य झाला होता, हेही विसरता कामा नये.

‘झेल्डा’ मालिकेचे उदाहरण

अशाच वादाचे याहून जुने उदाहरण जपानमधील आहे. ऑगस्ट २००० मध्ये निंटेंडोने आपल्या नव्या यंत्राची क्षमता दाखविण्यासाठी ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक व खलनायक गॅनन यांच्या द्वंद्वाची एक वास्तवदर्शी चित्रफीत दाखविली. पुढील खेळ असाच दिसेल, असा चाहत्यांनी अर्थ लावला. वर्षभराने, ऑगस्ट २००१ मध्ये, प्रत्यक्ष खेळाची झलक आली तेव्हा मोठ्या डोळ्यांचा, बुटका, हाताने रंगविलेल्या व्यंगपटातून उतरल्यासारखा लिंक पाहून अनेकांना धक्का बसला. छायेच्या सूक्ष्म पायऱ्या काढून टाकून केवळ दोन-तीन सपाट छटांत आकार दाखविण्याचे ‘सेल शेडिंग’ हे तंत्र त्यात वापरले होते. टीकाकारांनी त्यावरून खेळाला ‘सेल्डा’ असे कुत्सित नाव ठेवले.

‘द विंड वेकर’ हा खेळ जपानमध्ये डिसेंबर २००२ मध्ये व अमेरिकेत मार्च २००३ मध्ये आला. समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले. ‘फामित्सू’ या जपानी साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले. अमेरिकेतील विक्री मात्र अपेक्षेप्रमाणे झाली नाही. दिग्दर्शक एजी आओनुमा यांनी २००७ मध्ये एका परिषदेत सांगितले की, या शैलीमुळे खेळ लहान मुलांचा वाटतो व किशोरवयीन ग्राहक दुरावतो, असे त्यांना अमेरिकेतील शाखेकडून कळले होते. परिणामी पुढील ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा खेळ वास्तवदर्शी शैलीत करण्यात आला. २००४ मध्ये त्याची पहिली झलक पाहून सभागृहातील प्रेक्षक उभे राहून जल्लोष करीत होते. तो २००६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

येथे बाजारपेठेचा दबाव अधिक थेट होता आणि शैलीचा बचाव करणारेही तितकेच हिरिरीचे होते. या शैलीत डोळे हा अभिनयाचा प्रमुख अवयव आहे. जवळ काही महत्त्वाचे असेल तर लिंकची नजर आपोआप तिकडे वळते आणि खेळाडूला सूचना मिळते. लहान धडावर मोठे डोके ही हौस म्हणून केलेली गोष्ट नसून ती खेळाच्या उपयोगाची होती, हे खेळल्यावाचून समजण्याजोगे नव्हते. झलक पाहणाऱ्यांना ते कळले नाही, यात त्यांचा दोष नाही.

पुढे ‘वी यू’ या यंत्रासाठी मालिकेतील जुने खेळ अधिक स्पष्ट चित्रांत आणण्याचा विचार झाला, तेव्हा निंटेंडोने निरनिराळे खेळ नव्या यंत्रावर पारखून पाहिले. ‘द विंड वेकर’चे सपाट रंग आणि स्वच्छ बाह्यरेषा तेथे उत्तम उठून दिसल्या व २०१३ मध्ये त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. वास्तवदर्शी ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ची पाळी त्यानंतर, २०१६ मध्ये आली. नव्या ‘विंड वेकर’विषयीही चाहत्यांनी तक्रार केलीच. प्रकाशयोजना बदलून त्यावर फार झगमगाट चढविला आहे आणि मूळची सपाट शैलीच बरी होती, अशी ती तक्रार होती.